एका मार्काची कादंबरी

(माजी विद्यार्थी मेळाव्यात दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेलं भाषण)



आयोजकांनी मला विषय दिला होता, 'सॉफ्टवेअर क्षेत्रातील माझी वाटचाल'. ती वाटचाल सांगायला दोन मिनिटं पुरतील. मालवणातून दहावी, मग बारावी, मग इंजिनिअरिंग, मग पुणे, मध्ये तीन वर्षं परदेश, पुन्हा पुणे. सकाळी कॉम्प्युटर उघडायचा, रात्री मिटायचा. पगार बरा, पाठ दुखते. झाली वाटचाल.

उरलेल्या वेळात मी तुम्हाला एका माणसाबद्दल सांगणार आहे. त्याचं नाव तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, कारण आपण सगळ्यांनी ते पाठ केलं होतं. मराठीतील पहिली कादंबरी कोणती? यमुनापर्यटन. लेखक कोण? बाबा पदमनजी. साल? १८५७. एका वाक्यात उत्तरे लिहा, गुण एक. मला तो एक मार्क मिळाला होता. मागच्या बाकावरच्या काही मंडळींना तो माझ्या वहीतून मिळाला होता, त्यांनी आज हसायला हरकत नाही.

नववीच्या त्या तासाला माझ्या बाकावर बसणारी, वेंगुर्ल्याहून आपल्या शाळेत आलेली मैत्रीण उभी राहून म्हणाली होती, "बाई, ते आमच्यातले." वर्ग हसला. ख्रिस्ती माणूस आणि मराठीतली पहिली कादंबरी, हे काही आमच्या डोक्यात बसेना. आमच्या लेखी ख्रिस्ती म्हणजे नाताळचा केक आणि चर्चची घंटा. बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मग पुस्तक कुठं मिळालं तर घेऊन ये. मीही वाचलेलं नाही." बाई समोर बसल्या आहेत. बाई, ते वाक्य मी विसरले नाही. शिक्षक असं म्हणू शकतात, हे मला त्या दिवशी कळलं.

पुस्तक काही आलं नाही. दहावी झाली, आपण पांगलो. मग २०२० साली, लॉकडाऊनमध्ये, त्याच मैत्रिणीने मला एका जुन्या आवृत्तीची स्कॅन केलेली पानं पाठवली आणि खाली लिहिलं, 'बाईंनी सांगितलेला गृहपाठ.' पंचवीस वर्षं उशिरा आम्ही दोघींनी तो केला.

आधी माणसाविषयी थोडं सांगते. बाबा पदमनजी यांचा जन्म १८३१ चा, बेळगावचा. आडनाव मुळे, जात कासार. आपल्या देवगडच्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर यांनी 'दर्पण' काढलं ते १८३२ च्या जानेवारीत. म्हणजे मराठी वृत्तपत्र आणि हे बाबा जवळजवळ बरोबरीचेच. बेळगाव म्हणजे आपल्याला घाटापलीकडचं गाव वाटतं. पण त्या काळी बेळगावचा समुद्र म्हणजे आपलं वेंगुर्लं. त्या बाजूचा माल याच बंदरातून मुंबईला जायचा.

शिक्षण बेळगावच्या मिशनशाळेत, पुढे मुंबईत. मुंबईत त्यांचा परमहंस सभेशी संबंध आला. जातिभेद मोडायचा म्हणून तिथे मंडळी गुपचूप जमत आणि ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खात. आज आपण बेकरीतला पाव आणून सकाळी चहात बुडवतो आणि त्यात काही पराक्रम केला असं कोणाला वाटत नाही. पण १८५० च्या आसपास पावाचा एक तुकडा खाल्ला तर घर तुटत होतं. म्हणून ती सभा गुप्त होती. बाबांना हे गुपचूप खाणं पुढे पुरेना. जे पटतं ते उघड करावं, या मताला ते आले आणि १८५४ साली ते ख्रिस्ती झाले. घरच्यांना काय झालं असेल ते सांगायला नको. 'अरुणोदय' या आत्मचरित्रात, ते १८८४ चं, त्यांनी आपल्या मनाचा हा सगळा प्रवास लिहून ठेवला आहे.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. 'स्त्रीविद्याभ्यासनिबंध' हे त्यांचं पुस्तक १८५२ चं. म्हणजे बायकांनी शिकावं हे ते धर्मांतराच्या आधीपासून लिहीत होते. तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते. एकविसाव्या वर्षी आपण काय करत होतो, ते प्रत्येकाने आपापलं आठवावं.

पुढे ते पुण्याच्या फ्री चर्च मिशनच्या शाळेत शिक्षक झाले, १८६७ मध्ये पाळक झाले. नंतर मुंबईत बायबल सोसायटी आणि ट्रॅक्ट सोसायटी यांच्यासाठी लेखन-संपादनाचं काम करत राहिले. 'सत्यदीपिका' सारखी नियतकालिकं चालवली. लहानमोठी मिळून शंभराच्या आसपास पुस्तकं लिहिली. १९०६ च्या ऑगस्टमध्ये ते गेले. त्यांना मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचे जनक म्हणतात.

माझ्या धंद्याच्या दृष्टीने त्यांची दोन पुस्तकं मला जवळची वाटतात. एक 'शब्दरत्नावली', १८६० ची. समानार्थी मराठी शब्दांचा कोश. दुसरं, मोल्सवर्थच्या जाडजूड मराठी-इंग्रजी कोशाची त्यांनी केलेली संक्षिप्त आवृत्ती, १८६३ ची. मोल्सवर्थ एका हाताने उचलत नाही. तो शाळेतल्या पोरालाही हाताळता यावा एवढा लहान करणं म्हणजे काय काम आहे, ते मला कळतं. काय ठेवायचं यापेक्षा काय गाळायचं हे ठरवताना जीव जातो. आम्ही ते आज मशीनकडून करून घेतो आणि तरी चुका होतात. त्यांनी ते दिव्याखाली बसून केलं.

आता ती एका मार्काची कादंबरी. पूर्ण नाव 'यमुनापर्यटन अथवा हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण'. विधवांच्या पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा १८५६ चा, आणि हे पुस्तक पुढच्या वर्षीचं. लेखकाचं वय सव्वीस.

गोष्ट साधी आहे. यमुना मिशनच्या शाळेत शिकलेली. नवरा विनायकराव समजूतदार, बायकोशी बरोबरीने बोलणारा. दोघं प्रवासाला निघतात. गावोगाव त्यांना विधवा भेटतात, प्रत्येकीची वेगळी कहाणी. कोणाचं केशवपन, कोणाची उपासमार, कोणाची फसवणूक. मग विनायकराव अकाली जातो, आणि आतापर्यंत दुसऱ्यांच्या कहाण्या ऐकणारी यमुना स्वतःच त्यांच्यातली एक होते. सासरी तिचे केस काढायचा घाट घालतात. ती त्यातून सुटते, ख्रिस्ती होते आणि पुन्हा लग्न करते.

पुस्तक वाचायला सोपं आहे असं मी म्हणणार नाही. पात्रं पानंच्या पानं उपदेश करतात. आणि शेवट लेखकाने आधीच ठरवलेला आहे, यमुनेसाठी एकच दरवाजा उघडा ठेवलेला आहे. मी हिंदू घरातली, मला ते खटकलं. मी मैत्रिणीला तसं म्हटलं. ती म्हणाली, "शेवट मला ठाऊकच होता गो. माझ्यासाठी मधल्या बायका नवीन होत्या." मग मी पुस्तक परत काढलं आणि फक्त मधल्या बायका वाचल्या.

तेव्हा मला त्या प्रवासाचं कारण लक्षात आलं. आमच्याकडे एखादी तक्रार आली की पहिला प्रश्न विचारतात, हे एकाच ठिकाणी होतंय की सगळीकडे? एकाच ठिकाणी असेल तर त्या माणसाच्या मशीनमध्ये काहीतरी बिघाड आहे म्हणून तक्रार बंद करतात. पण दहा ठिकाणांहून तेच आलं तर मुळातली रचनाच तपासावी लागते. मग कोणाला पळवाट राहत नाही. बाबांनी एकाच विधवेची गोष्ट लिहिली असती तर वाचणारा म्हणाला असता, बिचारीचं नशीब, सासर वाईट मिळालं. म्हणून त्यांनी यमुनेला घरात बसू दिलं नाही. गावामागून गाव फिरवलं. दहावी बाई भेटेपर्यंत नशीब हा शब्द वापरायची सोय उरत नाही.

इथपर्यंत मी पुस्तकाबद्दल बोलले. आता जे बोलायचं आहे ते अवघड आहे, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

तुमच्यातल्या पुष्कळांना माझी आते आठवत असेल. भरडावरच्या आमच्या घरी खेळायला यायचात तेव्हा तुम्हाला खोबऱ्याच्या वड्या देणारी. आते सव्विसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली. बाबांनी यमुना लिहिली त्याच वयाची. मी तेव्हा दुसरीत होते. माझ्या दोन वेण्या रोज सकाळी तीच घालायची. आमच्यात केशवपन कधीच नव्हतं. उलट कोकणात कितीतरी जातींत पूर्वी पाट लावायची चाल होती, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न व्हायचं. पण घराणं जरा वर आलं, पैसा आला, की पहिली ही चाल बंद. आमच्या घरात आतेला कोणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, एक वाकडा शब्द बोललं नाही. फक्त तिचं कुंकू गेलं, बांगड्या गेल्या आणि फुलं गेली.

परसात अबोलीचा ताटवा तिनेच लावला होता. संक्रांतीनंतर आमच्याकडे हळदीकुंकू असायचं तेव्हा ती सकाळपासून बसून पन्नास-साठ वळेसर करायची. तिच्या हातचे वळेसर दुसऱ्या दिवशीही सैल पडत नसत. ते ताटात रचून ती माझ्या हातात द्यायची आणि मागच्या पडवीत जाऊन बसायची. एकदा मी विचारलं, "आते, तू येत नाय?" ती म्हणाली, "माका नको गो, मी हयसरच बरी." मला ते खरं वाटलं. पुढे दहा वर्षं मी ते ताट फिरवलं. इंजिनिअरिंगला गेल्यावरसुद्धा सुट्टीत आले की फिरवलं. मी शिकलेली होते, ती मागच्या पडवीत होती, आणि ताट माझ्या हातात होतं.

लॉकडाऊनमध्ये मी रोज संध्याकाळी आतेला फोनवर थोडं थोडं यमुनापर्यटन वाचून दाखवलं. भाषा जुनी, पण ती शांतपणे ऐकायची. मध्येच म्हणायची, "ही खय गावली तेंका?" केशवपनाचा भाग आला तेव्हा तिने पुढं वाचू दिलं नाही, दोन दिवस फोन लवकर ठेवला. पुस्तक संपलं तेव्हा तिने विचारलं, "ह्या कधीचा?" मी म्हटलं, १८५७ चं. बराच वेळ फोनवर काही आवाज नाही. मग म्हणाली, "इतक्या वर्सांपूर्वी कोणीतरी ह्या लिवन ठेवल्यान, आणि माका कोणी वाचूक दिल्यान नाय."

मला एक मार्क मिळाला होता. पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव, साल, सगळं मला पाठ होतं, आणि आते भिंतीपलीकडे होती.

मित्रांनो, या पुस्तकानंतर पुष्कळ झालं. पुस्तक निघालं त्याच्या पुढच्या वर्षी पंडिता रमाबाई जन्मल्या आणि १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं. हरिभाऊ आपट्यांनी 'पण लक्ष्यात कोण घेतो' लिहिलं, त्यातल्या नायिकेचं नावही यमुनाच. आपल्या शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुरूडच्या धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये एका विधवेशी लग्न केलं आणि वाळीत पडणं सोसलं. आणि २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं नाही, बांगड्या फोडणं नाही, मंगळसूत्र तोडणं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनीही हेरवाडचा कित्ता गिरवावा असं कळवलं. पहिल्या कादंबरीपासून या ठरावापर्यंत १६५ वर्षं गेली. ठराव करावा लागला याचा अर्थ तोपर्यंत ते चालू होतं.

आणि ते अजून चालू आहे. आपल्याच ग्रुपवर चालू आहे.

आजच्या कार्यक्रमपत्रिकेत संध्याकाळी सहा वाजता 'मैत्रिणींचं हळदीकुंकू' आहे. ते ग्रुपवर जाहीर झालं तेव्हा सगळ्यांनी फुलांची चित्रं टाकली. मीही टाकली. त्याखाली आपल्या एका मैत्रिणीने लिहिलं, 'मी दुपारच्या जेवणापर्यंत थांबेन, मग निघते, घरी काम आहे.' तिचे मिस्टर कोविडमध्ये गेले, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. घरी काय काम आहे तेही माहीत आहे. मी तो मेसेज वाचला, मला समजला, आणि मी दोन दिवस काही केलं नाही. तिसऱ्या दिवशी तिला फोन केला. ती म्हणाली, "अगो, कोणी वायट नाय. पण ताट पुढे येताना हात थांबतो ना, तो बघूक नको वाटता."

तिची परवानगी घेऊन हे सांगते आहे. नाव घेत नाही, आणि कोणी मागे वळून बघू नका.

यात कोणाचा दोष काढायचा नाही. ज्यांनी कार्यक्रम ठरवला त्यांनी प्रेमानेच ठरवला. आमच्या घरातही सगळं प्रेमानेच चाललं होतं. बाबा पदमनजींचं मला पटलेलं एवढंच, की एकेकीचं नशीब म्हणून सोडून दिलं की कोणालाच काही करावं लागत नाही. मोजायला लागलं की करावं लागतं. म्हणून मी मोजलं. आपल्या बॅचच्या बत्तीस मुलींपैकी आज पाच जणींना नवरा नाही. तिघींचे गेले, दोघी वेगळ्या झाल्या. आणखी वीस वर्षांनी जमू तेव्हा हा आकडा केवढा असेल, ते आपण समजून घ्या.

तेव्हा माझी विनंती एवढीच. संध्याकाळचा कार्यक्रम रद्द करू नका. ताट थांबवू नका. दारातून जी आत येईल तिच्यापुढे ते जाऊ द्या. जिला लावून घ्यायचं नसेल ती नको म्हणेल, तो तिचा हक्क आहे. माझी वेंगुर्ल्याची मैत्रीण नववीपासून नको म्हणत आली आहे आणि फूल मात्र घेत आली आहे. पण नको हे तिने म्हणायचं. आपण तिच्या वतीने म्हणायचं नाही.

बाई, गृहपाठ उशिरा दिला. तपासून घ्या.



(स्मरणिकेसाठी पुढचा भाग नंतर जोडला आहे.)

संपादकांनी 'संध्याकाळी काय झालं तेही लिहा' असं सांगितलं, म्हणून लिहिते.

संध्याकाळी सव्वीस जणी होत्या. दोघी आधी निघून गेल्या. त्यातल्या एकीने मला जाताना सांगितलं की तिला हे पटलेलं नाही. तिने तोंडावर सांगितलं याबद्दल मी तिची आभारी आहे. ताट बाईंनी स्वतःच्या हातात घेतलं. आमच्या ज्या मैत्रिणीला दुपारी जायचं होतं ती थांबली. कुंकू तिने लावून घेतलं नाही. वळेसर मात्र घेतला, हातात धरून बसली आणि निघताना केसांत माळला.

वळेसर आतेने पाठवले होते, चाळीस. रात्री घरी गेले तर ताटात एक उरला होता. तो मी तिच्यापुढे ठेवला. तिने तो उचलून बघितला, दोरा ओढून बघितला, आणि म्हणाली, "घट्ट झालो आसा बरो." मग तो तिने खिडकीत पाण्याच्या वाटीत ठेवला. देवाला वाहिला नाही, मलाही दिला नाही. सकाळी मी पुण्याला निघाले तेव्हा वाटी रिकामी होती. तो कुठं गेला ते मी विचारलं नाही.